ट्रेसिंग

येरवड्यात, तिसऱ्या मजल्यावर
ट्यूबलाइटखाली मी बेट पसरते.
गुंडाळीतून अजून वाळू गळते.

मी तिथे गेलेले नाही.
सोवनी सर गेले, बोट लागून दोन दिवस आडवे झाले,
मग कातळावर प्लॅस्टिक अंथरून
रेघन्‌रेघ उतरवून आणली.

एक होडी. होडीत अकरा जण.
मागे काठावर, जरा लांब,
एकच उभी रेघ.

"चीर आहे ती," सर म्हणाले. "सोडून दे."

दुपारी डबा खाल्ला. पेन धुतलं.
खाली पीएमटी थांबली न थांबली,
कुणीतरी धावत आलं, हात केला,
बस गेली.

रेघ खाली जराशी फाकते.
दोन पाय मावतील इतकी.

पॉइंट टूच्या निबने
काढली मी ती.
सरांना अजून दाखवलेलं नाही.