टिंब

मत्रहच्या बंदरामागे, जाळी आणि दोर विकणाऱ्या दुकानात
मला बोलावलं ते एवढ्याशाच कामाला.
रियालच्या टिंबापुढे तीन घरं हवी होती,
प्रोग्राम दोनच दाखवायचा,
आणि पाच-पाच बैसे
रोज त्या कडेवरून खाली पडायचे.

दिलं बसवून.
वर बिल अरबीत, उजवीकडून सुरू होणारं,
व्हॅट आपला आपण सुटा,
नायलॉन दोर मीटरवर, शिसं किलोवर.
सुकुमारन, इथला बावीस वर्षांचा हिशोबनीस,
स्क्रीनवर बोट न टेकवता बोट फिरवत म्हणाला,
छान. आता घरी लवकर जाईन.

मग मीच, हौसेनं, फुकटात,
वसुलीचा एक जोड लावून दिला.
नव्वद दिवस उलटले की सकाळी नऊला
त्या नावाच्या फोनवर अदबीनं निरोप.
रविवारी एकशे चौदा गेले.
मी आकडा बघून खूश होतो.

सोमवारी कुरियातहून एक पोरगा आला.
काउंटरवर पाकीट ठेवलं, बारा रियाल पाचशे बैसे,
अर्ध्या रियालची नोट चौघडी घातलेली.
"आईला मेसेज आला. वडिलांनी दोर नेला होता म्हणे.
आम्हाला माहीत नव्हतं."
आणि चहाला न थांबता गेला.

जाहिर, मालक, मला काही बोलला नाही.
आतून त्याच्या वडिलांची खतावणी आणली,
तेलाचे डाग, माशाचा नाही तर कागदाचाच वास,
आणि काही नावांपुढे, अगदी कडेला,
पेन्सिलीचं एक टिंब.

"ताळा घेतल्याची खूण," सुकुमारन म्हणाला,
"कॉम्प्युटरवर चढवताना मी ती सोडून दिली."
जाहिर म्हणाला, "खूण नाही.
आमच्यात शून्य असं लिहितात."

ते शून्य मी त्या महिनाभरात
शेकड्यांनी छापलं होतं, अरबी बिलांवर,
योग्य फॉण्ट, योग्य जागा, तीन-तीन घरं.
पुन्हा पाहिलं.
खमीस बिन मरहून. साडेबारा रियाल.
रक्कम खोडलेली नाही, नावही नाही.
फक्त शेजारी, टोक जेमतेम टेकवून, शून्य.

मिरजेच्या कॉलेजात कुंभोजकर सर सांगायचे,
येणं एक तर येतं, नाही तर बुडतं.
सर, हा मधला रकाना तुम्ही शिकवला नाहीत.

रात्री रुवीच्या खोलीवर कोड उघडला.
रकाना पाच मिनिटांत झाला. नाव होईना.
'सूट'? ती दिवाळीत आणि रमजानात देतात.
'माफ'? जाहिर फोनवर म्हणाला,
माफ म्हटलं की देणारा उगाच उंच होतो.
'बुडीत' टाइप केलं,
आणि सुकुमारननं दुपारी हळूच सांगितलेलं आठवलं,
खमीसची होडी तेवढी परत आली होती.
अक्षरं एकेक मागे घेतली.

प्रोग्राम कोरं नाव घेत नाही.
टिंब घेतो.

आता टिंब असलेल्या नावांना निरोप जात नाही.
ऑडिटरच्या यादीत ती दिसतात, येणी म्हणूनच,
तो विचारतो तेव्हा सुकुमारनला
मल्याळमशिवाय एकही भाषा येत नाही.

माझ्या बिलात या कामाची ओळ नाही.
पाकीट अजून गल्ल्यातच आहे.
जमा करावं तर कशापोटी,
परत पाठवलं तर पोरगा घेत नाही.
रोज संध्याकाळी रोकड
साडेबारा रियालनं जास्त भरते.
सुकुमारन मोजतो, थांबतो,
पाकीट उचलून खिडकीत ठेवतो
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतो.
घरी जायला त्याला उशीरच होतो.