दोन बॅटऱ्या

बोट देवळाली कॅम्पातून आलेली,
कुणा रिटायर्ड मेजरसाहेबांची. चौदा फूट, सागवानी,
नाकाशी पितळेचे दोन आकडे
बंदूक आडवी ठेवायला.
साहेब गेले, बदकं मारायची बंदी आली,
आणि पुंजा गांगुर्डेनं ती जळणाच्या भावात उचलली.
आकडे काढले नाहीत.
म्हणतो, निघतच नाहीत.

मी ट्रॅक्टर-टेम्पोचा वायरमन.
सातपूरला एमआयडीसीच्या भिंतीला लागून दुकान.
तरंगणाऱ्या वस्तूला कधी हात लावला नव्हता.
पण तो पौषातली गोष्ट सांगत होता:
गंगापूर धरणाच्या मधोमध, जाळं ओढून झालेलं,
दिवा रात्रभर जळलेला,
आणि सेल्फ मारला तर
टक्.
नुसतं टक्.
सोबत सातवीतली पोरगी, वैजंता.
वल्हं घरी, कुडाला टेकवलेलं.
काठावर द्राक्षबागांत थंडीच्या शेकोट्या पेटल्या होत्या,
माणसं दिसत होती, हाक जात नव्हती.
"नाशिक समोर, आन् आपण कुठंच नाही."
उजाडेपर्यंत बापलेकीनं
फळीच्या तुकड्यानं पाणी मागं सारलं.

म्हणून दोन.
एक इंजिन उठवायला. तिला दुसरं काम सांगायचं नाही.
एक दिव्याला, फोनला, तुझ्या त्या रेडिओला.
मधे गोल स्विच: एक, दोन, दोन्ही, बंद.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर, जास्त लांब नाही.
वायर जाड घे, पुंजा. पैसे तिथं वाचवू नकोस,
पाणी वायर चाटत राहतं
आणि तांबं आतून हिरवं होतं, बाहेरून कळत नाही.
टर्मिनलला व्हॅसलिन.
ओठांना लावतोस तेच, हो.

पहिल्या दिवशी मीच चुकलो.
दोघींचे निगेटिव्ह एकत्र बांधायचे राहिले,
दिवा काही लागेना,
मी दीड तास स्विचला शिव्या देत बसलो.
वैजंता नावेच्या कडेवर पाय हलवत होती.
म्हणाली, काका, ही काळी वायर कुठंच गेली नाही.
मी म्हटलं, माहितीये.
माहीत नव्हतं.

दिव्याची वायर नाकापर्यंत न्यायची होती
आणि लाकडाला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं.
मग त्या आकड्यांतूनच ओवली.
बरोब्बर बसली, कुणी त्यासाठीच केल्यासारखी.

मीटरवर बारा पूर्णांक सात. दोन्हीकडे.
अंधार पडल्यावर आत गेलो. मला पोहता येत नाही
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
दिवा लावला.
उजेड सरळ पाण्यावरून गेला
आणि टोकाला बदकं बसलेली,
हळदीकुंकू बदकं, पंधरा-वीस,
चोचीच्या शेंड्याला पिवळं, कपाळाशी लाल,
हलेनात. नुसती बघत राहिली.
मेजरसाहेबांना एवढंच हवं असायचं, बहुतेक.
पुंजानं हात पुढं केला, दिवा बंद केला.
"कळलं. लागतो."
बराच वेळ पंखांचा आवाज आला नाही.

मग त्यानं मुद्दाम दुसरी बॅटरी पार बसवली,
दिवा, रेडिओ, सगळं लावून, तळाकडे रोखून,
तीन तास.
मी शेंगा खाल्ल्या. वैजंता झोपली.
मीटर अकराच्या खाली आला तेव्हा म्हणाला, आता बघू.
स्विच एकवर.
इंजिन एका दमात उठलं.
तो हसला नाही. पोरीच्या अंगावरचं गोणपाट नीट केलं
आणि नाव काठाकडे वळवली.

परवा स्विच बघायला गेलो होतो.
आकड्यांवर तिनं नेलपॉलिशनं लिहून ठेवलंय.
दोनपाशी: मासे.
एकपाशी: घर.
बंदपाशी काहीतरी लिहून खोडलंय, मी विचारलं नाही.

साडेतीनशे अजून येणं आहे.
एक मरळ पाठवली होती मधे, पिशवीत, जिवंत.
दुकानात ॲसिडच्या कॅनशेजारी
संध्याकाळपर्यंत उड्या मारत होती.