अर्धा सेकंद उशिरा

आमच्याकडे परदेशी सिनेमाला एकच आवाज असतो.
नायक, नायिका, पोलीस, मरायला टेकलेली म्हातारी,
सगळ्यांचं बोलणं एकच माणूस वाचून दाखवतो,
मूळ आवाज खाली दबका चालू ठेवून,
त्यांच्यामागून अर्धा सेकंद.
रडायचं नाही. हसायचं नाही.
भाजीचा हिशेब सांगावा तसं
'तुझ्याशिवाय मी जगणार नाही' सांगायचं
आणि पान उलटायचं, कागद वाजू न देता.

वुच शहरात, बंद गिरणीच्या रंगखात्यात आमचा स्टुडिओ.
काचेच्या त्या बाजूला बोगुमिल,
या बाजूला मी, बटणांपाशी.
एकोणतीस वर्षं.
त्याचा श्वास मी कापायचे,
आवंढा कापायचे, चहानंतरची खरखर कापायचे.
उरलेला आवाज घरोघरी जायचा
रात्री नऊनंतर, इस्त्रीच्या वाफेतून, झोपलेल्या मुलांवरून.
कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा आवाज.

बाहेर तो फारसा बोलत नसे.
ट्राममध्ये सुटे पैसे मोजून पुढे करी.
बेकरीत बोट दाखवी.
मला वाटायचं, गळा जपतो.

मग एका फेब्रुवारीत नॉर्वेचा साधासा सिनेमा आला.
बोटीच्या तिकीटखिडकीशी एक मुलगा.
त्याला गावाचं नाव सांगायचंय आणि ते निघत नाही.
पहिलंच अक्षर आतून दारावर डोकं आपटतंय.
मागे रांग. कुणीतरी घड्याळ बघतं.
आमचा नियम सोपा: ततपप वाचायची नाही.
कागदावर सरळ एक ओळ होती,
'एक तिकीट, ब्रेमविकचं.'

'एक तिकीट,' बोगुमिल म्हणाला आणि थांबला.
मीटरची सुई खाली पडली.
अर्धा सेकंद गेला. चार गेले.
पडद्यावरचा मुलगा तिकीट घेऊन बोटीत चढलासुद्धा.
'ब,' बोगुमिल म्हणाला. 'ब. ब्.'
मानेची शीर ताणलेली, दोरीसारखी.
मी हात वर केला, पुन्हा घेऊ म्हणून.
पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा तर 'एक'वरच अडला.

मी आत गेले.
लाल दिवा तसाच चालू होता.
त्याने जे सांगितलं ते दोन वाक्यांचं होतं,
किती वेळ लागला ते मी मोजलं नाही:
शाळेत नाव विचारलं की पहिल्या अक्षरावरच माझं अडायचं
आणि अख्खा वर्ग बाकं वाजवायचा.
दुसऱ्याचं वाचताना मात्र कधी अडलो नाही,
म्हणून वाचतच राहिलो.

वाहिनीला आम्ही स्वच्छ ओळ पाठवली.
सहाव्या खेपेला निघाली ती, सपाट, नेहमीसारखी.
पैसेही वेळेवर आले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत
तो माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभा होता
आणि त्याने बोट दाखवलं नाही.
'दो-दो-दोन,' तो म्हणाला. 'ख,
ख-खसखशीचे.'
मुलगी चिमटा हातात धरून थांबली.
मागच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
काचेवर आतून दव धरलं होतं.
देशातल्या प्रत्येक घराने ऐकलेला आवाज
आणि कुणी ओळखला नाही.

माझं बोट कोटाच्या खिशात
आपोआप बटण शोधत होतं.
तिथे एक जुनं ट्रामचं तिकीट होतं फक्त.