चार गोळ्या

इशबेल किनेर्डच्या कागदावर मी लाल पेनानं लिहिलं:
गोळ्या बंद.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरून वाचला,
म्हणाली, "अडतीस वर्षं मी त्याच केल्या, पोरी."

आर्ब्रोथच्या बंदरामागं, माशांच्या धुरात,
तो कारखाना होता. तांब्याच्या कढईत साखर रटरटायची
आणि थर्मामीटर बिघडला की इशबेलला हाक जायची.
ती पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायची,
कडक झाला की कानाशी नेऊन मोडायची.
काचेसारखा बोलला तर उतरवा.
कुजबुजला तर अजून दोन मिनिटं.

मी आहारतज्ज्ञ. माझ्याकडे तक्ते आहेत.
तक्त्यात आवाजाला रकाना नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार
चार-चार तास तिचं रक्त यंत्रातून फिरून येतं.
दिवसाचं पाणी पाऊण लिटर.
त्यातच चहा, त्यातच सूप,
औषधाच्या अकरा गोळ्या गिळायचे घोटही त्यातच.
या गोळ्यांसाठी त्या गोळ्यांवर पाणी सोडा,
असं सांगून मी मोकळी झाले.
सोडायला तिच्याकडे पाणी होतं कुठं?

"जीभ टाळूला चिकटते गं रात्री," ती म्हणाली,
"पाकिटाच्या झाकणासारखी.
लिंबाची एक गोळी गालात धरली
की तोंडाला पाणी सुटतं,
आणि ते पाणी तुझ्या मापात येत नाही."

मी बिनसाखरेच्या दिल्या.
चौथ्या दिवशी फोन आला.
"संडासातून बोलतेय.
सकाळपासून इथंच आहे.
तुझं काय चाललंय?"

मग फेब्रुवारीतला तो शुक्रवार.
खिडकीवर अर्धा पाऊस, अर्धा बर्फ.
तिसऱ्या तासाला इशबेल बोलायची थांबली.
ती बोलायची थांबत नाही, म्हणून मी वळून पाहिलं.
कपाळ घामानं चिंब, ओठ पांढरे,
बोटाच्या टोकावरचा आकडा दोन पूर्णांक नऊ.
टॉर्क्विलनं फ्रीजमधून संत्र्याचा रस काढला
आणि तसाच हातात धरून उभा राहिला,
कारण समोरच्या कागदावर माझ्याच अक्षरात होतं:
संत्रं नको. पोटॅशियम.
ट्रॉलीतलं ग्लुकोजचं खोकं रिकामं,
भरायचं राहिलेलं.

तिचा कोट खुंटीला होता.
उजव्या खिशात पत्र्याची चपटी डबी.
मला माहीत होती.
तीन महिने माहीत होती.

"चघळत बसू नका, चावा," मी म्हणाले.
एक. दोन. तिची कवळी,
आणि शांत वॉर्डात तो आवाज, कट्‌कन.
पलीकडच्या खाटेवरचे मॅकेट्रिक डोळे उघडून बघायला लागले.
तीन. चार.

पंधरा मिनिटं मी तिचं मनगट धरून बसले,
धरायची गरज नव्हती तरी.
चार पूर्णांक सहा.
तिच्या गालांवर रंग आला, मग तोंडात शब्द.
"ऐकलंस? पाक बरोबर उतरला होता.
शेवटची कढई ती. त्यानंतर कुलूपच."

संध्याकाळी मी नोंद केली.
लिंबाच्या गोळ्या, चार. साखर अंदाजे वीस ग्रॅम.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, उपचार.
'बंद' हा शब्द खोडायला पेन उचललं, खोडला नाही.
तिची साखर उद्याही तिचीच आहे,
तिचे पाय, तिचे डोळे.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं:
डबी कोटात नको, उशाशी ठेवावी.
दिवसाला एक, तहानेसाठी. मोजून.

जाताना तिनं डबी माझ्यापुढं धरली.
मी नको म्हणाले. मग एक घेतली.
गाडीत, काच वर करून,
कानाशी धरून दोन बोटांत दाबली. मोडेना.
किल्लीनं ठोकली तेव्हा फुटली.

मला नुसता आवाज आला.
सीटवर पिवळा चुरा, हिवाळाभर चिकट.