तीन पट्टे

सप्टेंबरात आमच्या गावावरून
एकेका दिवसात दहा-दहा हजार जातात.
एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर,
मधली चिंचोळी पट्टी तेवढी त्यांची.
रान माजलेल्या चहाच्या मळ्यावर
लाकडी माचाण आहे, तिथं मी मोजणीला बसते.
हातात टिकटिक करणारं यंत्र, मांडीवर वही.

लीसबेथ नव्या पोरांना शिकवते:
आधी रंग विसरा.
मधुबाज एक शाईसारखा काळा असेल,
दुसरा ताकासारखा, तिसरा विटकरी,
आणि तिघं एकाच घरट्यातले निघतील.
पंख बघा. तिसा ते जरा उचलून धरतो,
उथळ वाटीसारखे.
मधुबाज सपाट तरंगतो, पट्टी ठेवल्यासारखा.
मान बारीक, डोकं कबुतराचं उसनं आणलेलं.
आणि शेपटी उघडली तर, नर असेल तर,
बुडाशी दोन पट्टे, मग बरीच मोकळी जागा,
मग टोकाला एक, रुंद.
डोळा पिवळा.
पण डोळा दिसेपर्यंत
तो तुर्कस्तानात पोचलेला असतो.
पोरं हसतात, लिहून घेतात.

दुपारी बाबा चढून येतात,
खिशात हेझलनट, गळ्यात दुर्बीण नाही.
बाकावर टेकतात, टोपी मागे सारतात,
आणि ढगाच्या कडेला धुळीचा कण दिसावा
तेवढ्या ठिपक्याकडे हनुवटी करून म्हणतात,
मादी. जुनी. डाव्या पंखातलं चौथं पीस गळालंय.

टेलिस्कोप वळतो. सगळे श्वास धरतात.
मादी. जुनी. चौथं पीस.

मुर्मानला विचार ना, लीसबेथ म्हणते,
हे कसं कळतं?
मी विचारते. ते कवच दातांनी फोडतात
आणि आमच्या भाषेत, हळू, सांगतात,
पडायचा तो उचलून बघायचो.

मला ठाऊक होतं.
दिवे नव्हते त्या वर्षांत.
दुकानात मीठ आणि काड्यापेट्या,
मक्याची भाकरी, आणि सप्टेंबरात वरून येणारी चरबी.
बाबा बंदूक भिंतीला लावायचे,
मी ओट्यावर बसून पिसं काढायची.
सहा वर्षांची होते.
शेपटी पंख्यासारखी पसरायची, अजून ऊब असायची तिला,
आणि बोट ठेवत जायचं:
एक, दोन,
मग बरीच मोकळी जागा,
तीन.
आकडे मला शाळेनं नाही शिकवले.

काय म्हणतात ते? लीसबेथ विचारते.
सवय, मी म्हणते. बरीच वर्षं बघतायत, म्हणून.
बाबांना तिची भाषा येत नाही.
तरी हेझलनट पुढे करताना
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी, प्रकाश पिवळट झाल्यावर,
एकटाच एक आला, समुद्राच्या बाजूनं, खालून.
छाती फिकट, पंखांची टोकं काळी,
पण शिक्र्यापेक्षा लांब,
आणि शेपटीवर काहीच नाही, किंवा आम्हाला दिसलं नाही.
पंख हलवायचा आणि थांबायचा,
काहीतरी आठवत असल्यासारखा.
लीसबेथनं एक नाव घेतलं, मग मागे घेतलं.
पोरांपैकी एकानं दुसरं. पुस्तक उघडलं, पानं वाऱ्यानं उलटली.
सगळे वळून बाबांकडे बघायला लागले.

ते उभे राहिले होते. टोपी हातात.
पक्षी गावाच्या छपरांवरून, संत्र्यांच्या बागांवरून,
सीमेकडे लहान होत गेला,
तोवर बघत राहिले.
मग म्हणाले, नाही.
हा माझ्या हाताला कधी लागला नाही.

हे मी शब्दाला शब्द सांगितलं.
लीसबेथ गप्प झाली. मग तिनं
नव्या पोराच्या हातातलं पुस्तक मिटलं.

वहीत शेवटचा रकाना आहे, ओळख न पटलेले.
एरवी तिथं आकडा टाकताना
हात जरा चोरटा होतो, चुकल्यासारखं वाटतं.
मी यंत्राची कळ दाबली.
एक.
बाबा कवचं गोळा करत होते, पायाखालची,
एकेक.