कानाडोळा

रेइगोने आणलेली बाटली करंगळीएवढी.
आत निळी पूड, मोरचुदाची बहीण म्हणावी इतकी निळी,
पण मोरचूद नव्हे: तांबं, सोऱ्याचं आम्ल
आणि तिसरं काहीतरी, ज्याचं नाव सांगताना
त्याची जीभ दोनदा अडखळली.

"पोस्टाने तार्तूला पाठवायचीय," तो म्हणाला,
"ही स्फोटक नाही, एवढी तुमची सही हवी."
त्याच्या बुटांवरचा बर्फ
माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर वितळत होता.

मार्दूत, बंद खतकारखान्याच्या पाठीमागे आमची खोली.
एक खिडकी, जाड काच,
आणि दोन पोलादी पट्ट्यांवरून घसरत येणारं पाच किलोंचं वजन,
ज्याला आम्ही सगळे म्हातारा म्हणतो,
कारण तो उठतो सावकाश
आणि बसतो धाडकन.

पूड फार लागत नाही. मुंगीला दोन फेऱ्यांत नेता येईल इतकी.
म्हातारा सहा वेळा पडणार.
सहांतून एकदा जरी ती बोलली,
तरी तिचं नाव दुसऱ्या यादीत.

मापं सगळ्याची आहेत: उंचीचं, वजनाचं,
खोलीतल्या दमटपणाचंसुद्धा.
ठरवतो मात्र कान.
इतक्या यंत्रांच्या शेवटी एक कान! रेइगोला हे पटेना.
माझा चालतोही एकच, उजवा.
हे मी त्याला सांगितलं नाही.

पहिला, धप्प.
दुसरा, धप्प.
तिसरा. चौथा. पूड दबून चकती झालेली, तशीच निळी.
पाचव्याला रेइगो घड्याळाकडे बघू लागला.
सहाव्याला
धप्पच्या पोटात काहीतरी
कुणी शेजारच्या खोलीत अक्रोड फोडावा तसं,
किंवा तळ्यावरून चालताना
लांब कुठेतरी बर्फ कुरकुरतो तसं.
किंवा पोलादाचाच कपचा उडाला असेल.

"ऐकलंस?"
"नाही," तो म्हणाला.
जरा लवकरच म्हणाला.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात, याच आवारात,
एका पिंपावर 'निरुपद्रवी' अशी चिठ्ठी होती.
खाली एंडेलची सही, वळणदार, शाळेतल्या फळ्यासारखी.
एंडेल वाईट माणूस नव्हता.
त्या दिवशी तळं पुरतं गोठलं होतं, गळाला मासे लागत होते,
आणि त्याला चारची बस पकडायची होती.
माझ्या डाव्या कानात तेव्हापासून
चारची बस उभी आहे,
इंजिन चालू ठेवून.

कानाडोळा करायला एक कान तरी मोकळा हवा.
माझा उरलेला कामावर असतो.

दंड सोडवले, भिंगाखाली धरले.
कडेला राईएवढा डाग, काळा.
"आधीचाच असेल, पुसून बघा ना."
पुसला. स्पिरिटने पुसला.
राईचा पर्वत करू नये म्हणतात, मी केला नाही;
राईला राई म्हटलं
आणि रकान्यात लिहिलं: सहांतून एकदा.

मग चहा ठेवला. काळा पाव, वर खारवलेले किलू मासे.
"मीठ जरा जास्त झालंय," रेइगो म्हणाला.
रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं,
सोपं झालं असतं.
मी म्हटलं, मिठाला जागावं लागतं, पोरा,
कुठल्याही रंगाचं असो.
त्याला ते विनोदासारखं वाटलं असावं. हसला.

बाटली मी ठेवून घेतली.
दारापाशी कोट घालताना
तो सारखा डावा खिसा चाचपत होता, रिकामा,
जिथे ती सकाळपासून,
बसच्या खडखडाटात,
त्याच्या मांडीला लागून बसली होती.