सात-पाच

दवाखान्याच्या चार्टवर तिचं नाव सात-पाच.
डावीकडची, खालची, शेवटची दूधदाढ.
अकरा वर्षं झाली, खानापुरात
हुक्केरी डॉक्टरांच्या हाताखाली
मी जबड्यांच्या ठशांत प्लॅस्टर ओतते.
माणसं विसरते. दात ओळखते.

रविवारी गौतमी चूळ भरता भरता म्हणाली,
आई, हलूलाय.
कट्ट्यावरनं दानम्मा हसली :
हल्लु हलूलाय?
तिच्यात दात म्हणजे हल्लु, दूध म्हणजे हालु.
हालु-हल्लु.
नुसतं म्हणून बघा,
जिभेवरच डुगडुगायला लागतो.

टॉर्च धरून बघितलं.
पुढचे दात कापतात, सुळे फाडतात,
दाढेला घाई नसते.
बाजाराच्या दिवशी भाजीवालीनं
पोतं अंथरून ऐसपैस बसावं
तशी बसलेली. माथ्यावर पाच उंचवटे, मधे घळी,
त्या घळीत वरचीचा उंचवटा नेमका उतरतो
आणि दळण सुरू.

पंचवीस महिन्यांची होती तेव्हा आली ही.
दोन रात्री लाळ, किरकिर, माझ्या खांद्याला चावा.
मग एका दुपारी
दुधात कुस्करलेली भाकरी ढकलून
तिनं माझ्या ताटातली कडक भाकरी उचलली.
कुडुम.
तो आवाज आमच्या घरात नवा होता.
हे जेवायचे थांबले होते, आठवतंय.

परवाच्या एक्स-रेत दिसत होतं सगळं :
दोन मुळं, ढांग टाकलेल्या माणसागत फाकलेली,
आणि त्या दोन पायांच्या मधे, हाडात,
पुढच्या दाताचा कोंब.
नऊ वर्षं ही चावत होती
आणि खाली कुणाला तरी पाखर घालून उभी होती,
हे पोरीला कसं सांगणार.
सांगितलं नाही.

पडली ती गोकाकच्या करदंटानं.
मला वाटायचं नावातच दंत आहे.
दानम्मा म्हणते, छे, अंटु म्हणजे डिंक.
डिंकानं ओढून घेतली. थोडं रक्त, थोडं बदाम.

गौतमीनं धुऊन उलटी केली.
मुळं कुठायत? मोडली?
नाही गं. विरली.
कधी?
खालचा वर येत होता तेव्हा. हळूहळू.
पोकळ, वाटीसारखी.
तिनं त्यात मोहरी भरून बघितली : सात दाणे.

कौलांवर टाकायची रीत.
आमच्यावर स्लॅब, त्यावर पाण्याची टाकी.
काडेपेटीत घालून ठेवलीय, जिऱ्याच्या डब्यामागं.

सोमवारी चार्ट काढून सात-पाचवर आडवी रेघ मारली.
डॉक्टर म्हणाल्या, येणारा हिच्याहून बारीक असतो,
ही जाताना दोन-अडीच मिलिमीटर
जास्तच सोडून जाते.

कुणासाठी, ते विचारायचं राहिलं.
बाहेर नंदगडचा पेशंट गाल धरून बसला होता.

रात्री गौतमी उजवीकडनं जेवली.
कुडुम. अर्धाच.